दुखण्यातून उठल्यानंतरचे महिने

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून कुठल्याही दिशेला चालायला लागा, अर्ध्या-पाऊण तासाच्या आत एखादं मोठं हॉस्पिटल लागतंच. प्रार्थना समाजाकडे हरकिसनदास, आता तिथे रिलायन्स फाउंडेशनची उंच इमारत आहे. चर्नी रोड स्टेशनजवळ सैफी, मरीन लाइन्सला बॉम्बे हॉस्पिटल, धोबीतलाव ओलांडलं की जी. टी. आणि कामा, आणि भेंडीबाजाराच्या पलीकडे जे. जे. कोकणातून, देशावरून, खानदेशातून माणसं आपला पेशंट घेऊन या पट्ट्यात येतात आणि चाळीतल्या मामाकडे, आतेकडे उतरतात. त्यामुळे गिरगावातल्या घराघराला आयसीयूच्या बाहेरचा बाक ठाऊक आहे. व्हिजिटिंगचा पास, रात्री अकराला आणायला सांगितलेलं इंजेक्शन आणि सकाळच्या राउंडची वाट बघणं, सगळं ओळखीचं आहे.

त्यानंतरचं मात्र कुणाच्या फारसं ओळखीचं नाही. पेशंट वाचतो, घरी येतो, नातेवाईक पेढे वाटतात आणि इथे गोष्ट संपली असं सगळे धरून चालतात. सेप्सिस झालेल्या माणसाच्या बाबतीत ती संपलेली नसते. त्याच्या रक्तातल्या, प्लीहेतल्या, अस्थिमज्जेतल्या ज्या पेशींनी पुढच्या जंतूला अडवायचं, त्यांतल्या कितीतरी मेलेल्या असतात आणि उरलेल्या काम करेनाशा झालेल्या असतात. ही अवस्था काही आठवडे टिकते आणि कित्येकांच्या बाबतीत काही महिने. वैद्यकाला हे आता चांगलं माहीत आहे. घरच्यांना कुणी सांगत नाही.

सेप्सिस म्हणजे काय, ते आधी नीट सांगायला हवं. जंतू फुप्फुसात शिरो, लघवीच्या मार्गात शिरो, पित्ताशयात किंवा मधुमेह्याच्या पायाच्या जखमेत शिरो, शरीर त्याला प्रतिकार करतं. हा प्रतिकार ताळतंत्र सोडून आपल्याच अवयवांवर उलटला आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, यकृत, मेंदू यांचं काम बिघडू लागलं, की तो सेप्सिस. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठरवलेली व्याख्या याच अर्थाची आहे. ब्लड प्रेशर पडतं, श्वास भरभर चालतो, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या अभ्यासानुसार २०१७ या एकाच वर्षात जगात सेप्सिसचे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख मृत्यू. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. जिगीशू दिवाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या आयसीयूंची ‘इंडिकॅप्स’ नावाची मोठी पाहणी केली. २०१० आणि २०११ मधल्या ठरावीक दिवशी दाखल असलेले ४,२०९ रुग्ण त्यात होते, आणि त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना तीव्र सेप्सिस किंवा सेप्टिक शॉक होता.

या आकड्यांतला मृत्यूचा आकडा सगळे वाचतात. मला वजाबाकी महत्त्वाची वाटते. ४ कोटी ८९ लाखांतून १ कोटी १० लाख वजा केले, तर एका वर्षात पावणेचार कोटींहून जास्त वेळा माणूस सेप्सिसमधून वाचून घरी गेलेला आहे. त्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न वैद्यकाने विचारायला फार उशीर केला.

मुंबईत या उशिराची जुनी साक्ष सापडते. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याच वर्षी व्लादिमिर हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. प्लेगच्या एका प्रकारात जंतू थेट रक्तात पसरायचा, काखेत-जांघेत गाठ यायलाही सवड मिळायची नाही आणि माणूस एक-दोन दिवसांत दगावायचा. आजच्या भाषेत तो सेप्सिसच. त्या काळच्या प्लेगच्या तक्त्यांत दोन मुख्य रकाने असत: किती जणांना लागण झाली आणि किती मेले. जे वाचले त्यांचा हिशेब या दोन आकड्यांच्या वजाबाकीतच दडलेला राहिला. तेव्हा ते समजण्यासारखं होतं, शहर ओस पडत होतं. पण सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या नोंदी बऱ्याचशा तशाच आहेत.

विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत सेप्सिसकडे एका वादळासारखं पाहिलं जाई. प्रतिकारशक्ती पेटून उठते, रक्तात दाह पसरवणारी रसायनं सोडते, त्या आगीत अवयव होरपळतात. तेव्हा आग विझवा, माणूस वाचेल, असा साधा हिशेब. ही रसायनं अडवणारी औषधं एकामागून एक तयार झाली, चाचण्या झाल्या, आणि एकामागून एक फसल्या. ‘झायग्रिस’ नावाचं महागडं औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि उपयोग सिद्ध होईना म्हणून २०११ मध्ये कंपनीने ते जगभरच्या बाजारातून काढून घेतलं. या चाचण्या फसत असतानाच काही डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की बरेचसे रुग्ण पहिल्या वादळात दगावतच नाहीत. ते त्यातून तरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भलत्याच जंतूने जातात. निरोगी माणसाला जे जंतू काही करत नाहीत, ते या रुग्णांना मारतात. अमेरिकन डॉक्टर रॉजर बोन यांनी १९९६ मध्ये ठामपणे मांडलं, की दाहाच्या जोडीला शरीर दाह शमवणारा उलट प्रतिसादही उभा करतं आणि तोही हाताबाहेर जाऊ शकतो. पुढच्या संशोधनाने त्यात दुरुस्ती केली. आधी दाह आणि मग शैथिल्य असा हा क्रम नाही. दोन्ही पहिल्या दिवसापासून बरोबरच चालतात, आणि दिवस जातात तसं शैथिल्याचं पारडं जड होत जातं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा मिळाला तो मेलेल्या रुग्णांकडून. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रिचर्ड हॉचकिस यांच्या गटाने आयसीयूत सेप्सिसने मृत्यू पावलेल्या ४० जणांच्या प्लीहा आणि फुप्फुसांच्या पेशी तपासल्या. नेहमीच्या शवविच्छेदनाला उशीर होतो आणि तोवर पेशी मरून जातात. म्हणून या डॉक्टरांनी नातेवाइकांची संमती घेऊन मृत्यूनंतर अर्ध्या ते तीन तासांत, पेशी जिवंत असतानाच, नमुने घेतले. ज्या घराने नुकतंच आपलं माणूस गमावलं आहे त्याने त्या घटकेला अशी संमती द्यायची, हे मला फार मोठं वाटतं. या विषयातलं आपलं निम्मं ज्ञान त्या घरांचं देणं आहे. प्रयोगशाळेत या पेशींना जंतूंचे अंश दाखवून डिवचलं. निरोगी प्लीहेच्या पेशी अशा वेळी इशाऱ्याची रसायनं भराभर सोडतात. सेप्सिसच्या रुग्णांच्या पेशींनी सोडली ती त्यांच्या दहा टक्क्यांहूनही कमी. वय किती होतं, आजार किती दिवस चालला, स्टेरॉइड दिलं होतं की नाही, याने फारसा फरक पडला नाही. २०११ मध्ये हे ‘जामा’ या नियतकालिकात छापून आलं. त्याआधी २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी सेप्सिसने दगावलेल्या २३५ रुग्णांची शवविच्छेदनं पाहिली होती. त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांच्या शरीरात जंतुसंसर्गाचा ठिय्या तसाच होता. आठवडाभर अँटिबायोटिक देऊनही तो हटला नव्हता, कारण अँटिबायोटिक जंतूंना मागे रेटतं, मैदान साफ करायचं काम शेवटी शरीराच्याच पेशींचं असतं.

या पेशींचं नेमकं होतं काय? पहिली गोष्ट म्हणजे त्या मरतात, आणि फार मोठ्या संख्येने मरतात. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत टी पेशी आणि बी पेशी येतात. संसर्ग झालेली पेशी ओळखणं, अँटिबॉडी बनवणं, जुन्या आजारांची स्मृती जपणं ही त्यांची कामं. सेप्सिसमध्ये या पेशी आतून ठरल्याप्रमाणे स्वतःचा शेवट करून घेतात. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, आणि शेजारच्या भक्षक पेशी ते तुकडे गिळतात. इथे दुसरा घाव बसतो. शरीराचेच तुकडे गिळणारी भक्षक पेशी, आपल्याच माणसांवर हल्ला नको म्हणून, शांत होते आणि आजूबाजूच्या पेशींनाही शांत करणारी रसायनं सोडते. एरवी ही सोय उपयोगाची आहे. पेशी रोजच मरतात, त्यांच्यावरून दाह उठायला नको. पण सेप्सिसमध्ये लाखोंनी मेलेल्या पेशी गिळून भक्षक पेशी अशा वेळी शांत होतात, जेव्हा खरा जंतू अंगात आहे.

ज्या टी पेशी जगतात त्या थकतात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक उगवतो आणि समोरच्या पेशीवरच्या जोडीदार रेणूने तो दाबला, की टी पेशी जागेवर असूनही हालत नाही. अनंत चतुर्दशीला पहाटेपर्यंत मूर्तीबरोबर चाललेल्या कार्यकर्त्यांचं दुसऱ्या दिवशी जे होतं तेच: माणसं मंडपात असतात, पण हाक मारली तरी उठवत नाही. पीडी-१ शोधून काढणाऱ्या तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, ते कर्करोगाच्या संदर्भात. हाच ब्रेक सोडवणारं निवोलुमॅब हे औषध टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कर्करोगात अगदी कमी मात्रेत वापरून पाहिलं. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी औषधात, जुन्या उपचारांना जोड म्हणून, वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. परळच्या एका इमारतीत पेशींचा हा थकवा उतरवण्याचा मार्ग गरिबाला परवडेल असा करण्याचं काम चाललंय, हे सेप्सिसवर लिहिताना मला सांगावंसं वाटतं, कारण थकवा त्याच जातीचा आहे.

भक्षक कुळातल्या मोनोसाइट पेशींचं आणखी एक काम असतं. जंतूचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर धरून तो टी पेशींना दाखवायचा. ज्या रेणूवर तो तुकडा ठेवला जातो त्याला एचएलए-डीआर म्हणतात. सेप्सिसमध्ये हे रेणू घटतात, आणि ज्याचे ते आठवडाभरानंतरही घटलेलेच राहतात त्याला दुसरा संसर्ग होण्याची भीती जास्त असते. युरोपातल्या काही हॉस्पिटलांत ही तपासणी आता होते.

हे सगळं इतकं लांबतं का? मेलेल्या पेशींच्या जागी नव्या यायला हव्यात. टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. साठीतल्या माणसाला गमावलेल्या टी पेशी मुख्यतः उरलेल्यांच्याच विभाजनातून भरून काढाव्या लागतात. संख्या भरली तरी विविधता भरत नाही, आणि लहानपणापासून जमवलेल्या आजारांच्या स्मृतीतला काही हिस्सा हरवलेला असतो. शिवाय पेशीच्या केंद्रकात जनुकं ज्या प्रकारे गुंडाळून ठेवलेली असतात त्या गुंडाळणीत बदल होतात. काही जनुकं बंद करून ठेवली जातात, आणि हा बदल पेशीच्या पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो. अस्थिमज्जाही पक्व पेशींच्या ऐवजी अर्धकच्च्या पेशी बाहेर पाठवते, ज्या टी पेशींना आणखी दाबतात. अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत डिस्चार्जनंतर तीन महिन्यांनीही कित्येकांच्या रक्तात दाहाच्या आणि दडपणाच्या, दोन्हीच्या खुणा एकत्र सापडल्या, आणि अशांमध्ये वर्षभरात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. फ्लोरिडातल्या शल्यविशारदांनी २०१२ मध्ये याच अवस्थेला स्नायू झिजण्याची जोड दाखवली. पोटाला खाऊ घाला, प्रथिनं द्या, तरी मांस धरत नाही.

ज्यांच्या घरात अशी फाइल पडून आहे त्यांनी एक कागद काढून बघावा. सीबीसीचा रिपोर्ट. त्यात वर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या असते, खाली त्यांची टक्केवारी. समजा एकूण ११,००० आहेत आणि लिम्फोसाइट ५ टक्के. घरचे ११,००० वाचतात आणि म्हणतात, इन्फेक्शन थोडंसंच राहिलंय. पण ११,००० चे ५ टक्के म्हणजे ५५०. मोठ्या माणसात हा आकडा साधारण १,००० ते ४,००० असायला हवा. २०१४ च्या एका अभ्यासात रक्तात जंतू सापडलेल्या ३३५ रुग्णांचा मागोवा घेतला होता. सेप्सिसच्या चौथ्या दिवशी ज्यांचे लिम्फोसाइट ६०० च्या वर आलेच नाहीत, त्यांच्यात महिन्याभरातले मृत्यूही जास्त आणि वर्षभरातलेही. हा आकडा बघून घरी कुणी उपचार ठरवू नयेत, लिम्फोसाइट कमी होण्याची इतर कारणंही असतात. पण ही शे-दोनशे रुपयांची तपासणी आहे, प्रत्येक फाइलमध्ये ती आहेच, आणि डॉक्टरांना ‘लिम्फोसाइट किती आलेत?’ एवढं विचारता आलं तरी संभाषण वेगळ्या दिशेला जातं.

आमच्या चाळीत एक काका होते. नाव सांगत नाही, घरचे अजून तिथेच राहतात. मधुमेह जुना. लघवीच्या संसर्गातून थंडी-ताप भरला, दुसऱ्या दिवशी मुलीला ओळखेनात, आणि आयसीयूत दाखल करावं लागलं. डायलिसिस झालं, व्हेंटिलेटर झाला, आणि ते परत आले. पोरांनी खुर्चीत बसवून त्यांना लाकडी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवलं. सगळ्यांना एकच सांगितलं जाई, इन्फेक्शन होतं, आता बरे आहेत. मग पाठीवर नागीण उठली. कुणी म्हणालं उष्णता झाली, कुणी म्हणालं साडेसाती. नागीण बसते न बसते तोच खोकला आणि न्यूमोनिया. या वेळी घरच्यांनी चार दिवस गल्लीतल्या दवाखान्यातली औषधं दिली, कारण इतकं मोठं दुखणं पार पडलंय तर हा खोकला काय, असं त्यांना वाटलं. काका दुसऱ्यांदा आयसीयूत गेले ते परत आले नाहीत. नंतर मी ती फाइल पाहिली. डिस्चार्ज कार्डावर यूटीआय होतं, किडनीचं नाव होतं, मधुमेह होता. सेप्सिस कुठेही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांत काय होऊ शकतं याबद्दल एक ओळ नव्हती, फक्त आठवड्यानंतर ओपीडीत दाखवा एवढंच. तीन दुखणी घरच्यांनी तीन वेगवेगळी संकटं म्हणून सोसली. मला खात्रीने असं म्हणता येणार नाही की त्यांतलं प्रत्येक सेप्सिसमुळेच झालं, पण त्यांच्यात दुवा असू शकतो एवढं जरी त्या घराला माहीत असतं, तरी चार दिवस वाया गेले नसते.

नागिणीचा विषाणू लहानपणच्या कांजिण्यांनंतर मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून असतो, टी पेशी त्याला दाबून ठेवतात. असे आणखी कितीतरी विषाणू आपण आयुष्यभर बाळगतो. सेंट लुईसच्याच एका अभ्यासात ५६० रुग्ण तपासले, तेव्हा सेप्सिसच्या दर दहांपैकी चौघांच्या शरीरात असे दोन किंवा अधिक विषाणू पुन्हा जागे झालेले दिसले. क्षयाचा जंतूही टी पेशींच्याच पहाऱ्यात असतो. ज्या शहरात कितीतरी प्रौढांच्या छातीत तो सुप्त आहे तिथे हा पहारा सैल होणं ही लहान गोष्ट नाही. आणि बाहेरून येणारे जंतूही आता पूर्वीचे राहिले नाहीत. माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलं, की कार्बापेनेम या भारी अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर सापडलं. अँटिबायोटिक लागू पडत नाही आणि पेशीही उठत नाहीत, अशा कात्रीत सापडलेला रुग्ण वाचवणं किती अवघड असेल!

मुंबईने आणि महाराष्ट्राने हे सगळं एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिलंय, २०२१ च्या उन्हाळ्यात. गंभीर कोविड हा विषाणूमुळे झालेला सेप्सिसच. त्यातही लिम्फोसाइट कोसळत, एचएलए-डीआर घटत. दुसऱ्या लाटेतून वाचलेले लोक घरी आले आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांचा गाल सुजू लागला, डोळा लाल झाला, टाळूवर काळा डाग आला. म्युकरमायकोसिस. हवेत, मातीत, शिळ्या भाकरीवर सगळीकडे असणारी बुरशी, जी निरोगी माणसाच्या वाटेला जात नाही. अनियंत्रित साखर आणि बेसुमार स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणं होती, हे खरंच. पण आधीच खिळखिळ्या झालेल्या पहाऱ्यावर ती दोन ओझी पडली होती. ठाकूरद्वारहून पायी दहा-पंधरा मिनिटांवरचा प्रिन्सेस स्ट्रीट हा मुंबईचा औषधबाजार. त्या मे महिन्यात अँफोटेरिसिन-बीच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरत होते. २० मे रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. त्याच महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस कंपनीने अँफोटेरिसिनचं उत्पादन सुरू केलं. कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा वरचा जबडा. ही माणसं कोविडमधून ‘बरी’ झालेली होती, त्यांच्या डिस्चार्जचे फोटो टाळ्यांसकट निघालेले होते.

पेशींना पुन्हा उभं करणारी औषधं आहेत का? प्रयत्न चालू आहेत. जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये नऊ रुग्णांना इंटरफेरॉन-गॅमा देऊन त्यांच्या मोनोसाइट पेशी पुन्हा कामाला लागतात हे दाखवलं होतं. इंटरल्यूकिन-७ हा लिम्फोसाइटांना जगवणारा आणि वाढवणारा रेणू २०१८ च्या एका छोट्या चाचणीत २७ जणांवर तपासला गेला. लिम्फोसाइटांची संख्या तीन-चार पट वाढली आणि ती काही आठवडे टिकली, दाहही भडकला नाही. निवोलुमॅबचीही सेप्सिसमध्ये सुरक्षिततेपुरती छोटी चाचणी झाली आहे. पण यामुळे माणसं जास्त जगतात असं सिद्ध करणारी मोठी चाचणी यांतल्या कुठल्याच औषधाची झालेली नाही. जुन्या अपयशांतून शिकलेला धडा असा, की कोणाची आग विझवायची आणि कोणाच्या पेशी जाग्या करायच्या हे आधी तपासून ठरवावं लागेल. सरसकट सगळ्यांना एकच औषध देऊन चालणार नाही. ‘इम्युनिटी वाढवणारी’ म्हणून जी चूर्णं आणि सरबतं विकली जातात त्यांचा या पेशींशी काही संबंध नाही. त्यांवर खर्च होणारे पैसे अंडी, डाळी, दूध यांवर आणि साखर आटोक्यात ठेवण्यावर खर्च व्हावेत.

औषध येईपर्यंत काय, याचं उत्तर मला गडचिरोलीत दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात बाळाचा सेप्सिस हे तिथल्या मृत्यूंचं मोठं कारण होतं आणि हॉस्पिटल लांब होतं. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना त्यांनी सेप्सिसची लक्षणं ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने हे छापलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या या पद्धतीने नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या: हॉस्पिटलात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हातात थर्मामीटर, घड्याळ, वजनकाटा आणि काय विचारायचं त्याचा छापील तक्ता.

हेच सेप्सिसमधून उठलेल्या मोठ्या माणसासाठी करता येईल, आणि मुंबईत तर ते जास्त सोपं आहे. महापालिकेच्या आरोग्यसेविका वस्त्यांत जातातच, २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ही आहे. अमेरिकेतल्या मोजणीनुसार तीव्र सेप्सिसमधून घरी गेलेल्या दर दहांपैकी चारजण ९० दिवसांत पुन्हा हॉस्पिटलात दाखल होतात, आणि त्यांतली बरीच कारणं वेळीच हेरता येण्याजोगी असतात: नवा संसर्ग, पाणी कमी पडणं, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार. म्हणजे धोक्याचा काळ कोणता ते आपल्याला माहीत आहे. या तीन महिन्यांत आठवड्याला एकदा कुणी येऊन ताप, नाडी, मिनिटाला किती श्वास आणि ब्लड प्रेशर बघावं, लघवी किती होते ते विचारावं, माणूस नेहमीसारखा बोलतोय का हे घरच्यांकडून जाणून घ्यावं. तोंडात पांढरा चट्टा आहे का, पाठीला शय्याव्रण आहे का, कॅथेटर अजून आहे का आणि कशासाठी आहे, हे बघावं. न्यूमोकोकसची आणि फ्लूची लस कधी द्यायची ते डॉक्टरांनी ठरवावं. अशा माणसात लशीचा परिणाम थोडा कमी पडू शकतो, म्हणून एकाच खोलीत राहणाऱ्या घरच्यांनीही फ्लूची लस घ्यावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून त्याला जाऊ देऊ नये, कारण लेप्टो या शहरात दर वर्षी येतो. आणि थंडी वाजून ताप आला, श्वास वाढला किंवा बोलणं भरकटलं, तर गल्लीतल्या गोळीची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

त्यासाठी पहिलं पाऊल हॉस्पिटलातून निघतानाच पडायला हवं. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या ओळीत सेप्सिस हे निदान आणि ते झाल्याची तारीख. त्याखाली कुठला जंतू होता आणि त्याला कुठलं अँटिबायोटिक चाललं. घरी जातानाचा लिम्फोसाइटांचा आकडा आणि तो पुन्हा कधी तपासायचा तो दिवस. कोणत्या लशी द्यायच्या राहिल्या आहेत. कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, ती मराठीत, मोठ्या अक्षरांत. आणि रात्री-अपरात्री फोन उचलला जाईल असा एक नंबर.